रॉडवरचा नंबर

भूपेंद्र गेल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने मला एकच विचारलं: रॉड तुटला कसा? गाव पोलादावर जगतं, त्यामुळे इथे माणूस गेला तरी आधी चौकशी लोखंडाची होते. मी चहा करायची, कप द्यायची, रिकामे कप उचलून धुवायची. बायका माझ्याकडे बघून डोळे पुसायच्या आणि मग मी का रडत नाही याची आपसांत चर्चा करायच्या. मला रडू येत नव्हतं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय झोपतो ना, तशी मी अख्खीच झोपले होते, आणि तशीच उठून चालत होते.

काय झालं ते एकदाच सांगते. भूपेंद्र, माझा नवरा, गाड्यांची इंजिनं बांधायचा. भिलाईत, कोहक्याला, आमच्या घरामागेच त्याचं वर्कशॉप होतं. साध्या गाडीत टर्बो बसवायचा, तिच्यातून दुप्पट ताकद काढायची आणि शर्यतीत पळवायची, हा त्याचा धंदा आणि हाच नाद. त्याचा आतेभाऊ कमलेश त्याच्यासाठी मशीनवर पार्ट कापायचा. गेल्या हिवाळ्यात एका बंद धावपट्टीवर शर्यत होती. भूपेंद्र स्वतः गाडीत होता. पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा जो दांडा असतो, कनेक्टिंग रॉड, तो भर वेगात तुटला, इंजिनचं पोट फोडून बाहेर आला, ऑइल चाकांखाली सांडलं आणि गाडी घसरून भिंतीवर गेली. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता ते अनाउन्समेंटसारखं निघतं. मी भिलाई-3 ला रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क आहे. अनाउन्समेंटची सवय आहे.

आता देवाजी. माझे सासरे. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, आणि कमलेशचे तर ते खरेच मामा. भंडाऱ्याकडची शेती भावांवर सोडून तरुणपणी भिलाईला आले आणि सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमधल्या फाउंड्रीत काढली. वितळलेला धातू साच्यात ओतून पार्ट तयार करायचे, हे त्यांचं काम. रिटायर झाले तरी फाउंड्री त्यांच्यातून रिटायर झाली नाही. बाजारातून तवा आणला तरी आधी त्याला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकणार, मग सासूबाईंच्या हातात देणार.

बापलेकांचं भांडण कायम एकाच गोष्टीवर. ओतीव पार्ट चांगला की बिलेटचा?

"धातूले आपलं अंग आपण धरू द्यावं लागते," मामाजी म्हणायचे. "पातळ करा, ओता, थंड होऊ द्या. तुमी तं अख्खा ठोकळा घेता अन् कोरून कोरून त्याचा कीस करता. भाजी पावभर अन् सालं किलोभर!"

"बाबा, तुमचा ओतीव माल पंपाले ठीक आहे," भूपेंद्र म्हणायचा. "इथं मिनिटाले आठ हजार फेरे होतेत. ओतताना आत एखादा बुडबुडा राहून गेला तं? बिलेट म्हणजे ठोकून ठोकून घट्ट केलेला ठोकळा. कितीही बारीक कापा, धरून राहते."

"कानामागून आली अन् तिखट झाली, तुही बिलेट."

मामाजींनी एकदा तर सागाच्या लाकडाचा रॉडचा नमुना कोरून आणला होता. त्यावरून मित्राच्या फाउंड्रीत रॉड ओतून देतो म्हणाले. नमुना इतका देखणा होता की मी तो शोकेसमध्ये ठेवला. त्याच्या दांड्यावर उठावाचे इंग्रजी आकडे होते: तीन, चार, एक, सात, दोन. हा मामाजींचा प्लांटमधला नंबर. ओतीव मालावर असा नंबर साच्यातूनच उठून येतो, आणि नंतर हवा तर पंच ठेवून हातोडीने ठोकतातही. ओतीव माल अंगाने जाड असतो, त्याला काही फरक पडत नाही.

त्या नंबरचा अर्थ आम्हाला घरात पाठ होता, कारण त्याची गोष्ट मामाजी दर सणाला सांगायचे. जॉबवर, म्हणजे तयार पार्टवर, ज्याचा नंबर, त्याची जबाबदारी. जॉब फुटला तर नंबरवाल्याला बोलावणं येतं, आणि बोलावणं आलं की माणूस जातो. भूपेंद्रच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात असताना बोलावणं आलं होतं. त्यांच्या नंबरच्या एका पंपाचं अंग चिरलं होतं. ते दोरी सोडून गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, नंबर माहा होय, चूक माही होय. मग रात्रपाळी करून नवा ओतून दिला.

"नंबर नाही त्या मालाले बाप नाही," असं म्हणून ते गोष्ट संपवायचे, आणि सासूबाई म्हणायच्या, "अन् बारशाच्या दिवशी पोट्ट्यालेच बाप नव्हता." यावर मामाजीच सगळ्यांत मोठ्याने हसायचे.

भूपेंद्रने लाकडाचा नमुना शोकेसमध्येच राहू दिला आणि कमलेशकडून बिलेटचे चार रॉड कापून घेतले. चांदीच्या भांड्यांसारखे दिसत होते. अपघाताआधीच्या सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला ते चारही रॉड पाटावर मांडले. आमच्याकडे ही पूजा दिवाळीपेक्षा कमी नसते. त्या दिवशी कोणी यंत्राला कामाला लावत नाही, हत्यारांना हळदकुंकू वाहतात. मामाजींनी रॉड हातात घेतले, फिरवले, टिचकी मारून आवाज ऐकला. बराच वेळ ऐकला. मग म्हणाले, "मस्त बोलते बापा."

एवढ्या वर्षांत भूपेंद्रला त्यांच्याकडून मिळालेलं हे पहिलं सर्टिफिकेट. तो नारळ फोडायचा विसरला.

दुपारी आम्ही सगळे जेवून आडवे झालो तेव्हा मामाजींनी आपली पंचांची पेटी काढली आणि एका रॉडच्या दांड्यावर मधोमध आपला नंबर ठोकला. संध्याकाळी लेकाला दाखवला. मी तिथेच होते. "ओतलं नाही म्या," ते म्हणाले, "पण हमी माही." भूपेंद्रने नंबरावरून बोट फिरवलं आणि वाकून त्यांच्या पाया पडला. मला तेव्हा वाटलं, सुटलं एकदाचं भांडण.

अपघात झाल्यावर मामाजी रडले नाहीत, बोलत सुटले. म्हणाले, कमलेशने माल बदलला. बिलेट सांगून आतून दुसरंच काही दिलं. घरात म्हणाले, शेजारच्या केवलरामजींकडे म्हणाले, समाजाच्या बैठकीत म्हणाले. तेराव्याला कमलेश आला तर त्याला दारातून परत पाठवलं. सासूबाई आतल्या आत तुटल्या, कारण कमलेश लहानपणी त्यांच्याच हातचं खाऊन वाढला होता. कमलेशने एका शब्दानेही उत्तर दिलं नाही. गप्प राहणाऱ्याला लोक लवकर गुन्हेगार ठरवतात, त्यात मेहनत कमी लागते. त्याला काम मिळेनासं झालं.

मीही तेच धरून चालले होते. उन्हाळ्यात एकदा सुट्टी टाकली आणि दुपारी त्याच्या शेडवर गेले. तो एकटाच मशीन पुसत बसला होता. पुसण्यासारखं काहीच नव्हतं तिच्यावर.

"एवढंच सांग," मी म्हणाले. "माल बदलला का? पोलिसात नाही जात मी. ओरडत पण नाही. मले ओरडताच येत नाही आता."

त्याने लोखंडी कपाट उघडलं आणि फडक्यात गुंडाळलेला एक तुकडा माझ्या हातात दिला. तुटलेला रॉड. वरचा अर्धा.

"धावपट्टीवर सापडला, कोणाले दाखवला नाही म्या. इथं पाहा वहिनी. तुटली थे जागा. एका कोपऱ्यात गुळगुळीत आहे, शिंपल्यावानी रेघा आहेत. तिथून चीर हळूहळू सरकत गेली. बाकीचं खडबडीत आहे न, थे एका झटक्यात गेलं. आता रेघा कुठून निघून राहिल्या थे पाहा."

मी बघितलं. तुकड्यावर आकडे होते. तीन, चार, एक, आणि सातची नुसती वरची रेघ. शिंपल्याच्या रेघा त्या सातच्या कोपऱ्यातून निघाल्या होत्या.

"ओतलेल्या मालावर नंबर ठोकला तं हत्तीले मुंगी चावली," कमलेश म्हणाला. "बिलेटचा रॉड एवढा छिलून काढलेला असते, त्याच्या अंगावर फालतू काहीच राहत नाही. म्हणून तं हलका, म्हणून तं मजबूत. पण वरून एक खाच पडली की सगळा ताण तिथंच येते."

"भूपेंद्रला माहीत होतं?"

"होतं. म्या म्हणलं, दुसरा कापून देतो. थो म्हणाला, एक रन होऊ दे, मंग बदलून घेऊ. बाबा पहिल्यांदा माह्या कामावर खूश झाले, आत्ताच त्याइचा नंबर काढून फेकू का म्हणे."

"अन् तू सगळ्यांचं ऐकून घेतो?"

"तो क्या बोलूं, वहिनी? जाके मामा को बोलूं कि तुम्हारे हाथ से गया?" मराठीत त्याला ते म्हणता आलं नाही. "मले चोर म्हणून राहिले तं म्हणू द्या. राग आहे तोवर जेवतेत तरी."

मला कोणाचा तरी राग यायला हवा होता. मामाजींचा यावा, तर त्यांनी हमी दिली होती. भूपेंद्रचा यावा, तर तो वडिलांचा मान ठेवायला गेला होता. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात. इथे चोर नव्हताच, नुसता संन्यासी होता. मी तुकडा टिफिनच्या पिशवीत टाकला आणि घरी आले.

घरात सासूबाई पुसत नाहीत अशी एकही जागा नाही, म्हणून तो तुकडा पिशवीतच राहिला. रोज माझ्याबरोबर ऑफिसला यायचा आणि रोज परत यायचा. डबा खाताना कधीकधी हाताला लागायचा, थंड. कधी वाटायचं, कमलेशसाठी तरी तो मामाजींसमोर ठेवावा. मग मामाजी उन्नतीला, माझ्या मुलीला, शाळेच्या बसपर्यंत सोडायला बोट धरून जाताना दिसायचे आणि मी पिशवीची चेन लावायची. एकाला वाचवायचं तर दुसरा जात होता. मी काहीच केलं नाही, आणि काहीच न करणं मला त्या दिवसांत फार सोपं जात होतं.

पुन्हा सप्टेंबर आला. वैशाली नगरच्या विक्की नावाच्या मुलाने आपल्या शर्यतीच्या गाडीसाठी कमलेशला रॉड कापायला दिले. वर्षभरातलं पहिलं मोठं काम. ही बातमी सासूबाईंनी जेवताना हळूच ताटात वाढली.

मामाजी घास चावत राहिले. मग म्हणाले, "पूजेले बोलाव त्याले. रॉड घेऊन ये म्हणा."

सासूबाईंच्या हातातून पळी पडली.

"म्या लय विचार केला," ते म्हणाले. "पोट्टं चोर नसन. चूक माहीच झाली असन."

मी मान वर केली. छातीत काहीतरी हललं, कितीतरी दिवसांनी.

"ठोसा हलका मारला म्या. नवा चकाचक माल, हात चालला नाही. अन् एकावरच मारला. हमी द्याची तं पुरी द्यावी. या खेपी चारही रॉडवर मारतो. खोल मारतो."

मी मान खाली घातली आणि जेवले. काय जेवले ते आठवत नाही.

पूजेच्या दिवशी कमलेश आला. नवा शर्ट घालून आला होता आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मामाजींनी त्याला दंडाला धरून आत घेतलं. सासूबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. त्याने ऑइलच्या कागदातून चार रॉड काढून पाटावर मांडले, हळदकुंकू झालं, उदबत्ती लागली. मामाजींनी प्रत्येक रॉडला टिचकी मारली. मग पंचांची पेटी उघडली आणि आपले पाच आकडे ओळीने काढून ठेवले.

मी कमलेशला पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं.

"काय करून राहिला तू? सांग त्यांना."

"वहिनी, वर्षानं घरात घेतलं त्याइनं मले." त्याचे डोळे भरले होते. "मारू द्या. म्या घासून घेईन वरून, पॉलिश मारीन."

"अन् घासून नाही निघालं तर?"

"विक्कीची घाई आहे, दुसरा माल येवाले टाइम लागते." त्याने पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला. "एक रन होऊ दे. मंग बदलून घेऊ."

हे वाक्य. तेच, शब्दाला शब्द. त्याला आठवलंही नाही की हे कोणाचं आहे. कमलेश चांगला आहे, भूपेंद्रही चांगला होता, आणि ही सगळी चांगली माणसं मिळून एकमेकांचं मन राखता राखता आणखी कुणाच्या तरी लेकराला भिंतीवर नेऊन आदळणार होती. मला राग आला. वर्षभर साठलेला सगळा एकदम आला.  विक्कीला मी कधी पाहिलंही नव्हतं, तरी त्याच्या आईच्या घरचे चहाचे कप मला दिसले, रिकामे, धुवायचे राहिलेले.

मी दारामागची टिफिनची पिशवी काढली.

बाहेर मामाजींनी पहिला पंच रॉडवर ठेवला होता. तीन. हातोडी वर गेली होती.

"मामाजी, थांबा."

"काय झालं वं?"

मी तुकडा पाटावर ठेवला. नारळाशेजारी, हळदकुंकवाच्या रॉडांशेजारी. तो काळपट पडला होता. मामाजींनी हातोडी खाली ठेवली आणि तुकडा उचलला. चष्मा नव्हता, म्हणून आधी अंगठ्याने वाचला.

"तीन," ते म्हणाले. "चार. एक."

अंगठा पुढे सरकला आणि तुटलेल्या कडेवर थांबला.

ते उठून दाराशी उजेडात गेले. तुटलेली बाजू वर करून धरली. आयुष्यभर त्यांनी फुटलेला माल हातात घेऊन तो का फुटला ते वाचलं होतं; हेही त्यांना वाचता येणारच होतं. शिंपल्याच्या रेघा कुठून निघतात ते त्यांनी नखाने मागे मागे जात शोधलं. नख सातच्या कोपऱ्यात जाऊन बसलं. ते तिथेच उभे राहिले. सासूबाई विचारत होत्या, काय होय थे, काय दिलं तिनं? 

"कमलेशले माहीत होतं?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"पहिलेपासून?"

"हो."

ते वळले. मला वाटलं होतं ते खाली बसतील, छातीला हात लावतील. पाण्याचा तांब्या मी जवळ ओढून ठेवला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. वर्षभर आरशात मी तोच बघत होते.

"जॉब फुटला," ते म्हणाले, "नंबर माहा. अन् मले कोणी बोलावलं कावून नाही?"

कमलेश पुढे झाला, "मामा, जाऊ द्या ना मामा," म्हणत त्याने त्यांचे पाय धरले. मामाजी त्याच्याकडे बघतही नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. खरंच विचारत होते.

"आता बोलावलं, मामाजी," मी म्हणाले. माझा आवाज फुटला आणि मला कळलं की मी रडतेय. पायातून मुंग्या निघतात तसं ते सगळीकडून दुखत होतं.

त्यांनी मान हलवली. पंच एकेक करून पेटीत ठेवले, पेटी लावली. कमलेशला खांद्याला धरून उठवलं. मग खुंटीवरचा शर्ट घातला आणि वरपर्यंत बटणं लावली, ड्युटीवर जाताना लावायचे तशी.

"कुठी चालले?" सासूबाई घाबरून म्हणाल्या. "आरती व्हाची हाय."

"बोलावणं आलं," ते म्हणाले.

तुकडा हातात घेऊन, दुसऱ्या हाताने कमलेशचं मनगट धरून ते फाटकाबाहेर गेले. शेजारच्या अंगणात केवलरामजी आपली स्कूटर धूत होते. त्यांनी कमलेशला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"केवलरामजी," मामाजींचा आवाज आला, फाउंड्रीतल्या गोंगाटावर चढवायचे तेवढा मोठा. "इकडे पाहा. पोट्ट्याचा माल चांगला होता. नंबर माहा होय. चूक माही होय."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग त्यांची पावलं पुढच्या घराकडे गेली. मी आत येऊन आरतीचं ताट झाकून ठेवलं, त्यांना यायला वेळ लागणार होता.